काचेपलीकडचा रस्ता: चालत्या गाडीतून काढलेल्या फोटोंची गोष्ट, व्हाया शेलूबाजार

ज्यांना कानात इअरफोन घालायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.

आधी एक प्रयोग. तुम्ही गाडी चालवत नसाल तरच करा, शेजारच्या सीटवर असाल तर. मोबाइल आडवा धरून खिडकीच्या काचेला टेकवा आणि बाहेरचा व्हिडिओ घ्या. मग नीट बघा. विजेचे खांब तिरपे दिसतात. महावितरणने ते सरळच रोवलेत, तिरपे करतो तो तुमचा फोन. मोबाइलचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर गाडी पुढे गेलेली असते, म्हणून खांबाचं डोकं एका जागी आणि पाय दुसऱ्या जागी. याला रोलिंग शटर म्हणतात.

गंमत म्हणजे हा काही मोबाइलच्या जमान्यातला शोध नाही. फ्रान्समध्ये झाक आँरी लार्तिग नावाचा एक श्रीमंत घरचा पोरगा होता, फोटोचं वेड असलेला. १९१२-१३ च्या सुमारास त्याने मोटार शर्यतीत समोरून सुसाट जाणाऱ्या गाडीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याच्या शटरला एक फट होती आणि ती काचेवरून सरकत जायची. तेही एक प्रकारचं रोलिंग शटरच. फोटोत गाडीचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि मागे उभी असलेली माणसं उलट्या दिशेला कललीत, कारण त्याने गाडीबरोबर कॅमेराही फिरवला होता. तेव्हाच्या हिशोबाने हा बिघडलेला फोटो. आज वेग दाखवणारा जगातला सगळ्यात प्रसिद्ध फोटो म्हणून तोच छापतात.

तर आजचा विषय हा. चालत्या गाडीतून रस्त्याचे, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायला लोकांनी कधी आणि का सुरुवात केली? माझं गाव कारंजा लाड, जिल्हा वाशिम. नोकरी पुण्यात. वर्षातून चार-पाच वेळा ये-जा होते आणि जायला दोन रस्ते आहेत. एक जुना, नागपूर-औरंगाबाद रस्ता, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा, जो कारंजा, शेलूबाजार, मालेगाव, मेहकर असा गावागावांतून जातो. दुसरा समृद्धी. दोन्ही रस्ते एकाच मुलखातून जातात, पण खिडकीतून काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले तर दोन वेगळे देश वाटतात. असं का होतं ते बघायला जरा मागे जावं लागेल.

गाडीच्या आधी आगगाडी होती. वॉकर इव्हान्स नावाचा अमेरिकन फोटोग्राफर, मंदीच्या काळात शेतकरी कुटुंबांचे फोटो काढून नावाजलेला. १९५० च्या सप्टेंबरात 'फॉर्च्यून' मासिकात त्याने रेल्वेच्या खिडकीतून काढलेले रंगीत फोटो छापले. रुळाच्या कडेला काय असतं? कारखान्यांच्या मागच्या भिंती, गोदामं, भंगार. गावाची पाठ. स्टेशनवर उतरणाऱ्याला गाव तोंड दाखवतं, गाडीतून जाणाऱ्याला पाठ.

हे वाचलं तेव्हा मला पटकन शकुंतला आठवली. मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज, आमच्या कारंज्यावरून जाणारी. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं, नंतर डिझेल आलं, आता सगळंच बंद. शकुंतला इतकी हळू जायची की खिडकीतल्या माणसाला शेतातला माणूस नावानिशी ओळखायचा. तिच्या खिडकीतून फोटो काढला असता तर खांब नक्की सरळ आला असता. पण तेव्हा खिडकीत बसणाऱ्याकडे कॅमेरा नव्हता, आणि कॅमेरा असणारे बाहेरून रेल्वेप्रेमी म्हणून यायचे ते इंजिनाचे फोटो काढून जायचे. खिडकीतून दिसणारं कारंजा कुणाच्याच रोलमध्ये नाही.

बरं, गाडीकडे येऊ. १९६६-६७ मध्ये जोएल मेयरोविट्झ नावाचा न्यूयॉर्कचा तरुण फोटोग्राफर युरोपभर गाडीने फिरला आणि चालत्या गाडीतून फोटो काढत सुटला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं प्रदर्शन भरवलं. त्याच्या फोटोंमध्ये माणसं अर्धवट वळलेली आहेत, काही तरी चाललंय आणि ते काय हे कळायच्या आत गाडी गेलेली आहे. पायी फिरणारा फोटोग्राफर कोपऱ्यावर उभा राहून क्षणाची वाट बघतो. गाडीतला थांबू शकत नाही, त्याच्यापुढे क्षण रांगेने येतात आणि तो फक्त हो-नाही म्हणतो. आपण रील स्क्रोल करतो तसंच काहीसं. ली फ्रीडलँडरने नंतर भाड्याच्या गाड्यांमधून अमेरिका टिपली, २०१० मध्ये त्याचं पुस्तक आलं, त्यात १९२ फोटो. प्रत्येकात स्टिअरिंग, आरसा किंवा दाराची कड दिसतेच. त्याने गाडी लपवली नाही.

पण या सगळ्यात मला आपला वाटतो तो रघुबीर सिंह. जन्म जयपूरचा, १९४२ चा. फोटोग्राफी स्वतःच शिकला. ज्या काळात 'कलात्मक' फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असं जगभर मानायचे, त्या काळात त्याने भारत रंगीत टिपायचा हट्ट धरला. ग्रँड ट्रंक रोडवर त्याचं एक अख्खं पुस्तक आहे, मुंबईवर एक आहे. १९९९ मध्ये तो गेला आणि २००२ मध्ये त्याचं शेवटचं पुस्तक निघालं, 'अ वे इंटू इंडिया'. त्या पुस्तकाची हिरोइन आहे ॲम्बॅसेडर.

आपल्या पिढीने ॲम्बॅसेडर बघितली ती कलेक्टर ऑफिससमोर, पांढरी, वर लाल दिवा. हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर पन्नासच्या दशकाच्या शेवटी ही गाडी बनवायला घेतली आणि २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत तिचा चेहरा फारसा बदलला नाही. रघुबीर सिंहच्या फोटोंत ही गाडी चौकटीचं काम करते. पुढची काच म्हणजे एक चित्र, बाजूची खिडकी म्हणजे दुसरं, आरशात तिसरं. एकाच फोटोत तीन-तीन रस्ते. बाहेर माणसं, जनावरं, दुकानं, आणि मध्ये गाडीचा पत्रा. तो गाडी वाहन म्हणून वापरतोच, पण ती थांबवून, दार उघडं टाकून, तिच्या आडून आणि तिच्यासकट बघतो. आत बसलेला कोण आणि बाहेर उभा असलेला कोण, हे त्याच्या फोटोत लपत नाही. त्या काळात ॲम्बॅसेडरमध्ये बसणं म्हणजे काय होतं हे आपल्या आजोबांना विचारा. एस.टी.च्या मागच्या दारातून खिडकीवर रुमाल टाकून जागा धरणाऱ्या देशात हा माणूस मऊ सीटवर बसून बघतोय, आणि ते तो दाखवतोय. माझ्या मते गाडीतल्या फोटोग्राफीत त्याने केलेलं सगळ्यात प्रामाणिक काम हेच.

आता यंत्रांचा ट्रॅक. हा मला जास्त जवळचा, कारण इथे इंजिनिअर लोक येतात.

१९६६. लॉस एंजेलिसमध्ये एड रुशे नावाच्या चित्रकाराने पिकअप ट्रकवर मोटर लावलेला निकॉन कॅमेरा बसवला आणि सनसेट स्ट्रिप नावाच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत्येक इमारत टिपली. हॉटेल, पेट्रोल पंप, मोकळा प्लॉट, सगळं. निवड नाही, चांगलं-वाईट नाही. मग ती चित्रं एकापुढे एक चिकटवून घडीचं पुस्तक केलं, उलगडलं तर सुमारे २५ फूट. लोक हसले असणार. याच्यात बघण्यासारखं काय?

१९७८. एमआयटीच्या टीमने कोलोराडोमधलं ॲस्पेन नावाचं छोटं गाव असंच टिपलं. गाडीच्या टपावर चार कॅमेरे, चार दिशांना. मागे सायकलचं चाक जोडलेलं, आणि ते चाक दर १० फुटांना कॅमेऱ्यांना सिग्नल द्यायचं. म्हणजे फोटो वेळेवर नव्हे, अंतरावर. गाडी हळू असो की जोरात, दोन फोटोंमधलं अंतर तेवढंच. ही युक्ती मला इतकी आवडली की ऑफिसमध्ये दोन दिवस सगळ्यांना पकडून सांगत होतो. सावल्या जुळाव्यात म्हणून ते लोक रोज ठरावीक वेळातच शूटिंग करायचे. मग हे सगळं लेझर डिस्कवर टाकलं आणि स्क्रीनला बोट लावून तुम्ही गावात डावी-उजवीकडे वळू शकत होता. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा, कारण अनोळखी गाव सैनिकाला आधीच ओळखीचं करून द्यायचं होतं. तुमच्या नकाशातला पिवळा माणूस उचलून रस्त्यावर टाकता ना, त्याचा हा पणजोबा.

गूगल स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. भारतात २०११ मध्ये बेंगळुरूत गाड्या फिरायला लागल्या आणि काही आठवड्यांत पोलिसांनी थांबवल्या. २०१६ मध्ये केंद्राने सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली. २०२१ मध्ये नियम बदलले, पण अशी मोजणी भारतीय कंपन्यांनीच करायची अशी अट राहिली. म्हणून जुलै २०२२ मध्ये जेव्हा ते अखेर आलं तेव्हा फोटो काढणारे होते जेनेसिस आणि टेक महिंद्रा. पहिल्या १० शहरांत आपल्या राज्यातली चार: मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. विदर्भातलं एकही नाही. वाशिमचं सोडाच, नागपूरही नाही. (रेकॉर्डिंगच्या वेळी माझा नागपूरकर मित्र इथे मोठ्याने हसला. ते एडिट केलंय.)

आता पाच महिने पुढे. ११ डिसेंबर २०२२. समृद्धीचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला. पुढचे टप्पे येत गेले आणि जून २०२५ मध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा उघडला, एकूण ७०१ किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात कारंजा, शेलूबाजार, मालेगाव अशा ठिकाणी चढता-उतरता येतं. रस्ता भारी आहे, यात वाद नाही. घरून निघालेला डबा पुण्यात पोचतो तेव्हा भाजी शिळी लागत नाही, याची किंमत होस्टेलवर राहिलेल्यालाच कळते.

पण फोटोचं गणित करून बघू. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. शटर एक शतांश सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात गाडी ३३ सेंटिमीटर सरकते. एक सहस्रांश ठेवलं तरी तीन सेंटिमीटरच्या वर. दुसरं म्हणजे अंतर. या रस्त्याची हद्दच १२० मीटर रुंद, पुढे कुंपण. कुंपणापलीकडचा माणूस तुमच्यापासून ४० मीटरवर आहे असं धरा. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने, १२ मेगापिक्सलच्या आडव्या फोटोत, तो डोक्यापासून पायापर्यंत साधारण ११० पिक्सल उंच येईल. चेहरा १४ पिक्सल. गूगलला तो ब्लर करायची गरजच नाही, तो आधीच पुसलाय. जुन्या रस्त्यावर, शेलूबाजारच्या चौकात, हाच माणूस चार मीटरवर असतो. दहापट मोठा. चेहऱ्याला १४० पिक्सल. त्यात हसू दिसतं, त्रासही दिसतो.

आणि समृद्धीवर माणूस असणार तरी कुठून? दुचाकीला बंदी, तीनचाकीला बंदी, ट्रॅक्टर नाही, बैलगाडी नाही, पायी चालणं तर नाहीच. उगाच थांबता येत नाही. काळविटांसाठी वरून-खालून रस्ते ठेवलेत, ते बरंच झालं, कारंजा-सोहोळ अभयारण्य जवळच आहे. पण 'स्ट्रीट फोटोग्राफी' मधला स्ट्रीटच काढून टाकला तर उरतं ते आकाश, डोंगर आणि पुढच्या ट्रेलरचं मागचं फाटक. मित्रांचे समृद्धीवरचे शंभर व्हिडिओ बघा. पावसाळ्यात हिरवे, उन्हाळ्यात पिवळे. वर्धा की वाशिम की बुलढाणा, बोर्ड दिसल्याशिवाय सांगता येत नाही.

जुन्या रस्त्यावर बोर्ड लागत नाही. मंगरूळपीर-अकोला रस्ता जिथे कापतो तो शेलूबाजारचा चौक. पुढे मालेगाव, जिथे अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता भेटतो. गाव संपता संपता जी पट्टी लागते ना, ती खरी बघायची. कृषी केंद्र, बियाण्याच्या कंपन्यांनी रंगवलेल्या भिंती, वेल्डिंगचं दुकान, पंक्चरवाला आणि त्याने टायरवर खडूने लिहिलेली पाटी, मंगल कार्यालयाची कमान, शेतात उगवलेला एन.ए. प्लॉटचा फलक. ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत पडलेलं. पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या गाड्या, त्यांत आरशांच्या कशिद्याचे कपडे घातलेल्या बंजारा आज्या. ही पट्टी गावातही मोडत नाही आणि शेतातही नाही. देवळाचा फोटो लोक काढतात, लग्नाचा काढतात, गावाच्या वेशीवरच्या वेल्डिंग दुकानाचा कोण काढणार? आणि बदलतं सगळ्यात आधी तेच. बायपास झाला, चौपदरीकरण झालं, की पहिली कुऱ्हाड या पट्टीवर.

गेल्या उन्हाळ्यात मी मुद्दाम जुन्या रस्त्याने गेलो. गाडी भाऊ चालवत होता. स्पीड ब्रेकरवर गाडी मंदावली आणि मी खिडकीतून एका रसवंतीचा फोटो काढला. चरकाला बांधलेले घुंगरू, हिरवी जाळी, मागे प्लास्टिकच्या रिकाम्या खुर्च्या. चरकाशी बसलेल्या मावशींनी बघितलं आणि जोरात विचारलं, "काहून काढून रायला रे बाबू फोटो?" भावाने गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, मावशी, जुन्या रस्त्याचे फोटो जमवतोय. त्या म्हणाल्या, "काढ नं मंग. पण रस पेल्याशिवाय जाऊ नको. पह्यले इथं गाड्यायची रांग लागे, आता साऱ्या वरूनच जातेत." वरून म्हणजे समृद्धीवरून. आम्ही दोन-दोन ग्लास प्यायलो. फोटोची विचारणा झाली, उत्तर द्यावं लागलं, खाली उतरावं लागलं. ताशी १२० ने हा प्रश्न कुणी विचारूच शकत नाही. मला वाटतं चालत्या गाडीतल्या फोटोत सगळ्यात मोठी गोष्ट हीच दडलेली आहे: ज्याचा फोटो काढला त्याला तुम्हाला हाक मारता येते का? मेयरोविट्झच्या युरोपात ती पोचली नसती. रघुबीर सिंहच्या ॲम्बॅसेडरपर्यंत पोचली असती. समृद्धीला कुंपण आहे.

म्हणजे आमच्या रस्त्यांचे फोटो निघतच नाहीत असं नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे नेटवर्क सर्व्हे व्हेइकल नावाच्या गाड्या असतात. कॅमेरे आणि लेझर लावलेल्या, चालता चालता रस्त्याच्या भेगा, खड्डे, खचलेला भाग मोजणाऱ्या. ॲस्पेनच्या सायकलच्या चाकाचाच हा वंश. शिवाय काही गाड्यांत डॅशकॅम आहे. रोज रस्त्याचं इतकं चित्रण होतं जितकं इतिहासात कधी झालं नसेल. पण सर्व्हेची गाडी डांबर बघते. डॅशकॅम समोरचा धक्का बघतो, आणि धक्का लागला नाही तर मेमरी कार्ड भरल्यावर जुनं पुसून नवं लिहितो. बाजूला बघणारा कॅमेरा कुणाचाच नाही.

इथे पुन्हा रुशे. त्या माणसाने १९६६ चं पुस्तक काढून विषय संपवला नाही. तो पुढची चाळीस वर्षं परत परत त्याच रस्त्यावर गाडी आणि कॅमेरा घेऊन गेला. गेटी या संस्थेने तो सगळा साठा घेतला, स्कॅन केला आणि २०२० मध्ये ६० हजारांहून जास्त फोटो ऑनलाइन टाकले. आज तुम्ही पुण्यात बसून सनसेट बुलेवार्डवरची एक इमारत निवडू शकता आणि ती १९६६ मध्ये कशी होती, १९८५ मध्ये कशी, २००७ मध्ये कशी, हे सरकवत बघू शकता. हॉटेलचं दुकान झालं, दुकानाचा पार्किंग लॉट झाला. त्या २५ फुटी पुस्तकावर हसणाऱ्यांना हे दिसलं नव्हतं. शेलूबाजारचा चौक १९९८ मध्ये, म्हणजे वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला त्या वर्षी, कसा दिसत होता? मी घरी विचारलं. पाच जणांनी पाच वेगळी वर्णनं केली. हॉटेल डाव्या हाताला होतं की उजव्या, यावरून काका आणि बाबांचं भांडण झालं आणि जेवण झालं तरी मिटलं नाही.

म्हणून सध्या एक जुगाड चालू आहे. डाव्या मागच्या खिडकीला सक्शन माउंट, त्यावर जुना फोन, आणि जीपीएसवरून दर १० मीटरला एक फोटो काढणारं छोटं ॲप, शनिवार-रविवारी लिहिलेलं. चालवणारा वेगळा, फोनला हात लावणारं कुणी नाही. ताशी ४० च्या आत, सकाळी नऊ ते अकरा, ॲस्पेनवाल्यांसारखं सावल्यांचं वेळापत्रक पाळून. कारंजा ते मालेगाव एक दिवाळी झाली. जाताना एक बाजू, येताना दुसरी. चेहरे आणि नंबर प्लेट ब्लर करूनच बाहेर ठेवणार, आणि रसवंतीसारख्या ठिकाणी थांबून विचारून काढलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, त्यांत चेहरे आहेत.

तुमच्यापैकी कुणी रिसोड, मानोरा, मंगरूळपीर बाजूने नेहमी ये-जा करत असेल आणि शेजारच्या सीटवर बसायला तयार असेल तर कळवा, ॲप पाठवतो. आणि कुणाच्या घरी लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील, ज्यांत वरातीची गाडी शेलूबाजारवरून गेलीय, तर त्या फेकू नका. कॅमेरावाल्याने कंटाळून खिडकीबाहेर कॅमेरा फिरवलेला असतो, दोन-तीन मिनिटं तरी. मला तेवढीच हवीत. बाबांचं म्हणणं, हॉटेल उजव्या हातालाच होतं.